डेबियन टाकलं, पण वाय-फाय दिसत नाही: आधी काय तपासायचं, मग काय इन्स्टॉल करायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. तेव्हापासून माझ्याकडे नात्यातले, शेजारपाजारचे जुने लॅपटॉप यायला लागले आहेत. मशीन दहा-अकरा वर्षांचं असतं, पण धडधाकट असतं. कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, फक्त विंडोज ११ त्याला घेत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची, विंडोजच्या जागी डेबियन किंवा लिनक्स मिंट ही लिनक्सची सिस्टिम टाकायची, की कॉलेजातल्या पोराची पुढची चार वर्षं निघतात. हे काम मी मनापासून करतो, कारण चालू स्थितीतलं मशीन भंगारात गेलेलं मला बघवत नाही.

या कामात अडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, सगळं झालं. मराठी टायपिंगपण चालतंय. पण कोपऱ्यात वाय-फायचं चिन्हच नाही. परत टाकू का सगळं?"

परत टाकू नकोस, हेच मी त्याला आधी सांगितलं. तुम्हालाही तेच सांगेन. वाय-फाय दिसत नाही म्हणून सिस्टिम पुन्हा टाकली तर तीच सिस्टिम पुन्हा तिथेच अडते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका लॅपटॉपवर तीनदा इन्स्टॉल केलं होतं, आणि चौथ्या दिवशी कळलं की एक साधं बटण बंद होतं. मशीनला आधी नीट विचारायचं, ते काय उत्तर देतं ते वाचायचं, आणि मगच काही इन्स्टॉल करायचं. वायरलेसची हत्यारं म्हणजे खरं तर हे विचारण्याचीच साधनं आहेत.

एक गोष्ट आधी ठरवून घेऊ. खालच्या कमांड मी फोनवरून सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. 'एपीटी' असं लिहिलं असेल तर ए, पी, टी ही तीन अक्षरं जोडून. 'इन्स्टॉल' असं लिहिलं असेल तर त्या इंग्रजी शब्दाचं नेहमीचं स्पेलिंग. 'सुडो' म्हणजे एस, यू, डी, ओ. आडवी रेघ, तिरपी रेघ आणि मोकळी जागा जिथे दिसते तिथेच द्यायची. मोठं अक्षर हवं असेल तिथे मी तसं सांगेन.

आधी मोबाईलची केबल

वाय-फाय चालू करायला पॅकेज हवं, पॅकेज उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट तर वाय-फायवरच. या चक्रात माणसं अडकून बसतात. सुटका सोपी आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. काही सेकंदांत 'वायर्ड' कनेक्शन म्हणून नेट येतं. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाईलचा डेटा खर्च होत नाही.

टेदरिंगचा पर्याय फिकट दिसत असेल तर बहुधा केबल नुसती चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीत. दुसरी केबल लावा. भाच्याच्या घरी तिसऱ्या केबलला काम झालं.

हत्यारं आणि त्यांची जागा

टर्मिनल उघडा आणि या दोन ओळी द्या:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल आयडब्ल्यू आरएफकिल पीसीआययुटिल्स यूएसबीयुटिल्स वेव्हमॉन

डेबियनमध्ये पहिलाच अडथळा इथे येऊ शकतो. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड दिला असेल तर तुमचं खातं सुडोच्या (ते अधिकार वापरायची मुभा असलेल्यांच्या) यादीत नसतं आणि मशीन नकार देतं. अशा वेळी 'एसयू -' टाइप करून रूट व्हा आणि पुढच्या कमांड सुडो न लावता द्या. एसयू पुढची आडवी रेघ विसरू नका. आयडब्ल्यू, आरएफकिल, मॉडप्रोब ही हत्यारं डेबियन 'यूएसआर' मधल्या 'एसबिन' फोल्डरमध्ये ठेवतं, आणि साध्या खात्याच्या शोधयादीत ते फोल्डर नसतं. रेघ न देता रूट झालात तर जुनीच शोधयादी राहते, आणि पॅकेज इन्स्टॉल झालेलं असूनही 'कमांड नॉट फाउंड' येतं. हे वाचून माणसाला वाटतं पॅकेजच बिघडलंय. तसं नसतं.

जुन्या लेखांमध्ये 'आयडब्ल्यूकॉन्फिग' नावाची कमांड सगळीकडे दिसेल. ती 'वायरलेस-टूल्स' या पॅकेजातली आहे. तिच्यामागची 'वायरलेस एक्स्टेन्शन्स' ही पद्धत १९९० च्या दशकातली. तिची जागा आता आयडब्ल्यूने घेतली आहे. नव्याने शिकत असाल तर थेट आयडब्ल्यूच शिका.

पहिला प्रश्न: बटण बंद आहे का?

सुडो आरएफकिल लिस्ट

उत्तरात प्रत्येक वायरलेस यंत्रासाठी दोन ओळी येतात: 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड'. सॉफ्ट पुढे 'येस' असेल तर सॉफ्टवेअरने बंद केलंय. ते असं उघडतं:

सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल

हार्ड पुढे 'येस' असेल तर कुठलीही कमांड चालणार नाही, तिथे बोटच लागतं. काही लॅपटॉपमध्ये एफएन आणि वरच्या ओळीतली अँटेनाचं चित्र असलेली कळ एकत्र दाबावी लागते. काहींमध्ये पुढच्या कडेला, हेडफोनच्या भोकाशेजारी, नखाएवढं सरकतं बटण असतं. वर सांगितलेला माझा तीन इन्स्टॉलचा लॅपटॉप या जातीचा होता. बटण काळं, कड काळी, त्यावर धूळ, आणि बटण उघडं आहे की बंद हे सांगणारा नारिंगी ठिपका पुसट झालेला. लॅपटॉप उलटा करून कडेवरून बोट फिरवा, डोळ्याला दिसलं नाही तरी बोटाला लागतं.

आरएफकिलच्या यादीत 'वायरलेस लॅन' नावाची ओळच नसेल, नुसतं ब्लूटूथ असेल किंवा काहीच नसेल, तर गाडी ड्रायव्हरवर अडली आहे.

दुसरा प्रश्न: आत चिप कोणती?

लॅपटॉपच्या झाकणावरचं नाव इथे उपयोगाचं नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डं निघतात. म्हणून चिपचा ओळखक्रमांक वाचायचा:

एलएसपीसीआय -एनएनके

लांबलचक यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' ही ओळ शोधा. ('इथरनेट कंट्रोलर' म्हणजे केबलचं सॉकेट, ते नव्हे.) ओळीच्या शेवटी चौकटी कंसात कोलनने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन गट असतात. पहिला गट कंपनीचा, दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे. ती ओळ नसेल तर चिपला अजून ड्रायव्हर मिळालेला नाही.

भाच्याने फोनवर वाचलं: "१४ई४, कोलन, ४३६५." ही ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२. खाली 'ड्रायव्हर इन यूज' नव्हतं. रोग सापडला. हा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. मदत मागताना 'माझं वाय-फाय चालत नाही' यापेक्षा ही आठ अक्षरं शंभरपट कामाची असतात.

कार्ड आत नसून यूएसबीचं असेल तर 'एलएसयूएसबी' ही कमांड द्या. क्रमांकाची रचना तीच. फक्त रिअलटेकचा यूएसबी गट ०बीडीए असा येतो.

तिसरा प्रश्न: ड्रायव्हर नाही, की फर्मवेअर नाही?

या दोन शब्दांची गल्लत फार होते, आणि चुकीचं पॅकेज टाकलं जातं ते त्यामुळेच. ड्रायव्हर हा लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, भाग, तो तुमच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर ही चिपच्या स्वतःच्या पोटात चढवायची छोटी फाईल. ड्रायव्हर ती उचलून चिपला देतो. ड्रायव्हर आहे पण फाईल नाही, असं झालं तर कर्नल तसं स्पष्ट लिहून ठेवतो:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर

'डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर -२' असं दिसलं तर समजा की फाईल जागेवर नाही. -२ चा अर्थच तो, 'अशी फाईल नाही'. पुढे आणखी खोल शिरायची गरज नाही, फक्त योग्य पॅकेज टाका. डेबियनमध्ये इंटेलसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', रिअलटेकसाठी 'फर्मवेअर-रिअलटेक', अ‍ॅथेरॉससाठी 'फर्मवेअर-अ‍ॅथेरॉस', आणि ब्रॉडकॉमच्या ज्या चिपना कर्नलमधलाच ड्रायव्हर चालतो त्यांच्यासाठी 'फर्मवेअर-बीआरसीएम८०२११'. (पॅकेजच्या नावात 'वायफाय' मध्ये आडवी रेघ नाही.) मग रीस्टार्ट. उबुंटू आणि मिंटमध्ये यातलं बहुतेक सगळं 'लिनक्स-फर्मवेअर' या एका पॅकेजात आधीच असतं.

डेबियनने या बाबतीत मोठं पाऊल उचललं ते १० जून २०२३ ला आलेल्या १२ व्या आवृत्तीत. त्याआधीच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद-स्रोत फर्मवेअर नसायचं, वेगळ्या पेनड्राइव्हवर ते आणून द्यावं लागायचं. डेबियनच्या विकासकांनी २०२२ मध्ये मतदान घेतलं, आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा कप्पा इन्स्टॉलरमध्ये आला. फक्त मुक्त सॉफ्टवेअर या तत्त्वाला मुरड घातली असं काहींना वाटलं, पण मला हा निर्णय योग्य वाटतो. नेटच न मिळालेला माणूस मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत पोचणार तरी कसा?

ब्रॉडकॉमची गाठ

भाच्याच्या चिपला मात्र हे पुरत नाही, आणि नेमक्या इथेच लोक दोन-दोन दिवस घालवतात. बीसीएम४३१४२ साठी कर्नलमध्ये ड्रायव्हरच नाही. तिला कंपनीचा 'डब्ल्यूएल' नावाचा बंद-स्रोत ड्रायव्हर लागतो. त्याचं डेबियनमधलं पॅकेज 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस'. आणि ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' मध्ये नाही, 'नॉन-फ्री' मध्ये आहे. नावं सारखी, कप्पे वेगळे. हा ड्रायव्हर आहे, फर्मवेअर नाही, म्हणून तो तिकडे. डेबियन १२ पहिला कप्पा आपोआप उघडतं, दुसरा आपल्याला उघडावा लागतो:

सुडो नॅनो /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट

'डेब' ने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीत 'मेन' या शब्दापुढे 'कॉन्ट्रिब नॉन-फ्री नॉन-फ्री-फर्मवेअर' असं करून घ्या. ही फाईल रिकामी निघाली तर शेजारच्या 'सोर्सेस.लिस्ट.डी' फोल्डरमध्ये 'डेबियन.सोर्सेस' असेल, तिच्यातल्या 'कम्पोनंट्स' ओळीत तेच शब्द टाका. सेव्ह करून बाहेर या आणि:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस

एएमडी६४ वाचून घाबरू नका, इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरलाही तेच. हेडर्सचं हे पॅकेज वगळू नका. डीकेएमएस ही व्यवस्था ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कर्नलसाठी बांधते, आणि बांधायला हेडर्स लागतात. कर्नलच्या आवृत्तीचा आकडा लिहून नेमके तेवढेच हेडर्स टाकले तर आज काम होतं, पण पुढच्या महिन्यात कर्नल बदलला की नवे हेडर्स येत नाहीत, ड्रायव्हर बांधला जात नाही आणि वाय-फाय गायब होतं. 'अपडेट केलं आणि बिघडलं' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. वरचं पॅकेज नव्या कर्नलबरोबर नवे हेडर्स आपोआप आणतं.

इन्स्टॉल होताना जुने ड्रायव्हर (बी४३, बीसीएमए, एसएसबी) अजून चढलेले आहेत आणि डब्ल्यूएलशी भांडतील अशी सूचना दिसू शकते. पॅकेज त्यांना काळ्या यादीत टाकतं, तेव्हा 'ओके' करून रीस्टार्ट केलं की झालं.

मिंटवर हा खटाटोप कमी आहे. मेनूतला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. तो ब्रॉडकॉमची चिप ओळखून 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' सुचवतो. नेट नसेल तर ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तोच परत लावा, हे पॅकेज त्याच्यावरच असतं.

सगळ्याच ब्रॉडकॉम चिपना हा बंद ड्रायव्हर लागत नाही. त्याहून जुन्या कितीतरी चिप बी४३ या मुक्त ड्रायव्हरवर चालतात. त्यांच्यासाठी 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' हे पॅकेज टाकायचं, ते 'कॉन्ट्रिब' कप्प्यात आहे. या ड्रायव्हरमागची मेहनत मला फार मोलाची वाटते. कंपनीने माहिती दिली नव्हती. तेव्हा एका गटाने बंद ड्रायव्हरचं वागणं बारकाईने तपासून नुसतं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ कोडकडे न बघता, फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो बीसीएम४३एक्सएक्स या नावाने कर्नल २.६.१७ मध्ये आला, आणि पुढे त्यातूनच बी४३ झाला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने आपल्या काही नव्या चिपसाठी मुक्त ड्रायव्हर दिला.

निळा पडदा

पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं, आणि तरी वाय-फाय नाही. भाच्याचा आवाज उतरला होता. मी त्याला ही कमांड सांगितली:

सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल

उत्तर आलं 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. याचा अर्थ सिक्युअर बूट चालू आहे. सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. कर्नलबरोबर आलेल्या ड्रायव्हरवर डेबियनची सही असते, पण घरच्या घरी बांधलेल्यावर ती कुठून येणार? म्हणून डीकेएमएस स्वतःची एक किल्ली तयार करून सही करतं. त्या किल्लीची ओळख मशीनला पटवून देणं आपल्याकडे असतं:

सुडो एमओकेयुटिल --इम्पोर्ट /व्हीएआर/एलआयबी/डीकेएमएस/एमओके.पब

'एमओकेयुटिल' एकच शब्द, इम्पोर्टच्या आधी आडव्या रेघा दोन. एक पासवर्ड दोनदा विचारला जाईल. हा पासवर्ड एकदाच लागतो, पण रीस्टार्ट झाल्यावर लगेच लागतो, म्हणून साधा ठेवा: छोटी इंग्रजी अक्षरं आणि अंक. त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. चिन्हं घातली तर ती भलत्याच कळीवर सापडतात.

आता रीस्टार्ट करा आणि समोरून उठू नका. निळा पडदा येईल, वर लिहिलेलं असेल 'प्रेस एनी की टु परफॉर्म एमओके मॅनेजमेंट', आणि खाली दहापासून उलटे आकडे. दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबली नाही तर तो निघून जातो आणि किल्ली नोंदवायची राहते. भाचा पहिल्या वेळी पाणी प्यायला गेला होता, मग सगळं पुन्हा करावं लागलं. कळ दाबल्यावर 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, आणि 'रीबूट'. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तरी टाइप करत राहायचं. उबुंटू-मिंटमध्ये हा पासवर्ड पॅकेज टाकतानाच विचारला जातो. निळा पडदा तोच.

सिक्युअर बूट बायोसमधून बंद करून टाका असा सल्ला अनेक जण देतात. त्याने काम होतं, पण किल्ली नोंदवायला पाच मिनिटं लागतात आणि एक संरक्षण शाबूत राहतं. मी पाच मिनिटं देतो.

या वेळी रीस्टार्ट झाल्यावर भाचा आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, शेजाऱ्यांची पण नावं दिसतायत."

जोडणी

डेस्कटॉपवर चिन्हावर क्लिक करून जोडता येतं. टर्मिनलमधून जोडायचं असेल तर:

एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट
एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट "घरच्या नेटवर्कचं नाव"

'--आस्क' दिलं की पासवर्ड वेगळा विचारला जातो, तो कमांडच्या इतिहासात राहत नाही. सगळं टाइप करणं नको असेल तर 'एनएमटीयूआय' द्या, बाणांच्या कळांनी निवडता येणारा मेनू येतो.

'एनएमसीएलआय डिव्हाइस' च्या यादीत वाय-फायपुढे 'अनमॅनेज्ड' दिसलं, तर डेबियन टाकताना ते कार्ड '/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस' या फाईलमध्ये नोंदलं गेलं आहे. त्या फाईलमधल्या कार्डाच्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह घाला आणि रीस्टार्ट करा. 'एलओ' च्या ओळींना हात लावू नका.

नेटवर्कचं नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी तुटते, असं जुन्या चिपवर झालं तर दोन गोष्टी बघा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवलेला असेल तर जुनी चिप त्याच्यापुढे हतबल असते, राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असा पर्याय निवडा. दुसरं, नेटवर्क मॅनेजर शोध घेताना कार्डाचा पत्ता बदलून वापरतो, ते काही ड्रायव्हरना झेपत नाही. '/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/' मध्ये (नेटवर्कमॅनेजर जोडून, एन आणि एम मोठे) 'वायफाय.कॉन्फ' अशी फाईल करून दोन ओळी लिहा. पहिली चौकटी कंसात 'डिव्हाइस', दुसरी 'वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस=नो'.

थोडा वेळ मोकळं ठेवलं की नेट मंदावत असेल तर वीजबचत तपासा. त्याच फोल्डरमधल्या आणखी एका फाईलमध्ये चौकटी कंसात 'कनेक्शन' आणि खाली 'वायफाय.पॉवरसेव्ह = २' लिहिलं की बचत बंद होते. उबुंटूत तिथे आधीच एक फाईल असते आणि तिच्यात ३ असतं, ते २ करा.

आणि फोनला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नसेल तर देश तपासा:

सुडो आयडब्ल्यू रेग गेट

उत्तरात '००' असेल तर लॅपटॉपला आपण कुठल्या देशात आहोत हे माहीत नाही, म्हणून तो सगळ्यात सावध नियम पाळतो आणि १२ व १३ या चॅनेलवर स्वतःहून हाक मारत नाही. 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' (आयएन मोठ्या अक्षरांत) दिलं की भारताचे नियम लागतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. इंटेलची बरीच नवी कार्डं मात्र हा देश स्वतःच ठरवतात, तिथे ही कमांड लागू पडत नाही. बीसीएम४३१४२ ला तर ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही, तेव्हा राउटरवर २.४ चालू हवाच.

यूएसबी डोंगल घ्यायचं असेल तर

कार्ड खरंच गेलं असेल तर डोंगल हा स्वस्त उपाय आहे, पण खोक्यावरचा वेगाचा आकडा बघून घेऊ नका, चिप विचारून घ्या. मीडियाटेकची एमटी७६०१यू (१४८एफ:७६०१) साधी आहे, पण तिचा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. डेबियन १२ मध्ये तिचं फर्मवेअर 'फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री' मध्ये मिळतं. अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ मिळाली तर सोडू नका: तिचा ड्रायव्हर मुक्त आहे आणि फर्मवेअरसुद्धा मुक्त आहे, पॅकेज 'फर्मवेअर-एटीएच९के-एचटीसी'.

रिअलटेकची काही डोंगलं लावली की वाय-फायऐवजी सीडी दिसते आणि एलएसयूएसबी ०बीडीए:१ए२बी सांगतं. बिघाड नाही तो. विंडोजचा ड्रायव्हर आतच मिळावा म्हणून ते आधी सीडीचं रूप घेतं. 'यूएसबी-मोडस्विच' पॅकेज टाका, डोंगल काढून परत लावा. रूप बदललं की क्रमांकही बदलतो, खरी चिप त्या नव्या क्रमांकावरून शोधायची. कर्नल ६.२ पासून रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू यांसारख्या चिपचे ड्रायव्हर आतच आले आहेत, म्हणून कुणाच्या तरी वैयक्तिक संग्रहातला कोड उतरवून बांधण्याआधी नवा कर्नल वापरून पाहा. असा बाहेरचा ड्रायव्हर पुढच्या अपडेटला साथ देईलच असं नाही.

माउस आणि ब्लूटूथ

लॉजिटेकच्या वायरलेस माउस-कीबोर्डसाठी 'सोलार' (स्पेलिंगमध्ये एल नंतर ए दोनदा) हे पॅकेज आहे. नारिंगी सूर्यफुलासारखं चिन्ह असलेला छोटा युनिफायिंग रिसीव्हर एका वेळी सहा यंत्रं सांभाळतो. नवं यंत्र जोडणं, बॅटरी बघणं सगळं सोलारमधून होतं. इन्स्टॉल केल्यावर रिसीव्हर एकदा काढून लावा, नाहीतर परवानगी नाही अशी तक्रार येते.

ब्लूटूथसाठी 'ब्लूझी' आणि 'ब्लूमॅन' (पहिल्याचं स्पेलिंग ब्लू आणि झेड) टाका आणि चिन्हावरून जोडा. हेडफोन दर वेळी नव्याने जोडावा लागत असेल तर त्याला 'ट्रस्ट' केलेलं नाही.

शेवटी सिग्नल मोजा

जोडणी झाली म्हणून मी लगेच उठत नाही. वेव्हमॉन चालू करतो. टर्मिनलमध्येच पट्टी हलताना दिसते आणि सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये येतो. -५० च्या आसपास उत्तम, -७० ला व्हिडिओ अडखळतो, -८० ला पान उघडणंही मुश्किल.

भाच्याचा लॅपटॉप राउटरपासून दोन हातांवर होता, आणि आकडा -७१. इतक्या जवळ एवढा कमी सिग्नल सॉफ्टवेअरचा दोष नसतो. मी विचारलं, "एसएसडी बसवायला मागचं झाकण उघडलं होतंस ना?" उघडलं होतं. वाय-फाय कार्डावर टिकलीएवढे गोल पितळी कनेक्टर असतात आणि त्यांच्यावर केसासारख्या बारीक तारा नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. त्या स्क्रीनच्या कडेतल्या अँटेनापर्यंत जातात. झाकण काढताना एखादी सहज निसटते.

त्याने मशीन बंद केलं, बॅटरी काढली, झाकण उघडलं. काळी तार कार्डाशेजारी लोंबत होती. नखाने दाबू नकोस, बोटाचा सपाट भाग ठेव आणि सरळ खाली दाब, हलकासा टक् आवाज येईल, असं मी सांगितलं. फोन स्पीकरवर होता, तो आवाज मला इकडे ऐकू आला. झाकण लावून त्याने वेव्हमॉन परत चालू केलं आणि आकडा वाचला: -४८.